सीमेवरचं चहापाणी: रस्त्याने परदेशी निघालेल्या नवख्या गोंयकारांसाठी

आजीचं माहेर बांद्याचं, सासर पेडण्याचं. आज स्कूटरने अर्ध्या तासाचा रस्ता. पण १९६१च्या डिसेंबरपर्यंत या दोन गावांच्या मध्ये एक देश संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा. माहेरी निघाली की तिच्या पिशवीत दोन नारळ जास्तीचे असायचे. एक जातानाचा, एक येतानाचा. पाखल्याच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, शिपायाचा वाटा. तिने त्याला कधी लाच म्हटलं नाही. "नारळ दिला की वाट मोकळी," एवढंच म्हणायची.

त्यानंतर पन्नासेक वर्षांनी एका परक्या देशाच्या सीमेवर, पत्र्याच्या शेडखाली, लाकडी टेबलाआड बसलेल्या गणवेशातल्या माणसाने मान वर न करता माझ्यासमोर दोन बोटं उभी केली तेव्हा मला ते नारळ आठवले. दोन बोटं म्हणजे दोन डॉलर. कशाचे, ते त्याने सांगितलं नाही आणि पहिल्या खेपेला मीही विचारलं नाही.

आता आमच्या भागातली बरीच मंडळी विमानाने बँकॉकला किंवा हनोईला उतरतात आणि पुढचे दोन-तीन देश बसने करतात. कुणी बुलेट घेऊन थेट नेपाळला निघतो. नातेवाईक, शेजारी, मग शेजाऱ्यांचे मित्र अशा छोट्या टोळ्या घेऊन मीही काही सीमा ओलांडल्या. निघण्याआधी प्रत्येक जण एकच विचारतो, "बॉर्डरवर पैसे द्यावे लागतात म्हणे. किती ठेवू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: त्यासाठी पैसे नको, वेळ ठेवा. जमिनीवरच्या सीमेवर वरकमाई चालते ती तुमच्या घाईवर. संध्याकाळची शेवटची बस, पुढे बुक केलेलं हॉटेल, मागे ताटकळलेली रांग, कडेवर रडणारं पोर. त्या टेबलाआडच्या माणसाला यातलं सगळं न सांगता कळतं. तुमच्याकडे दोन तास मोकळे आहेत हे एकदा त्याला दिसलं की त्याचा निम्मा धंदा बसला.

विमानतळावर असं सहसा का होत नाही, तेही बघून ठेवा. तिथे खिडक्यांची रांग असते, डोक्यावर कॅमेरे असतात, मागे पर्यवेक्षक फिरत असतो आणि व्हिसाची फी बहुतेक आधीच ऑनलाइन भरलेली असते. आडबाजूच्या नाक्यावर एक टेबल, एक शिक्का, एक ड्रॉवर. फी रोख आणि तीही परक्या चलनात. त्यात भाषा येत नाही. चिरीमिरीला याहून सुपीक जमीन नाही.

घरी बसून करायची कामं

यातली निम्मी लढाई पेडण्यात किंवा पणजीतच जिंकता येते. जिथे ई-व्हिसा मिळतो तिथे तो काढूनच निघा. खिडकीवर रोख मोजण्याचा प्रसंग आला नाही तर वरचे पैसे मागायला निमित्त उरत नाही. व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा खुला केला. एका प्रवेशाचे २५ डॉलर, अनेक प्रवेशांचे ५०. रस्त्याने जाणाऱ्याला सीमेवर व्हिसा मिळेल या भरवशावर तिथे जाऊ नका. अर्जात प्रवेशाचा नाका निवडावा लागतो. तो नीट पाहून निवडा आणि त्याच नाक्याने आत जा. 'जवळच तर आहे' म्हणून दुसऱ्या नाक्यावर गेलात तर चूक तुमची असते, आणि तुमची चूक म्हणजे समोरच्याची मिळकत.

कंबोडियाच्या टुरिस्ट व्हिसाची फी ३० डॉलर. ऑनलाइन काढताना वर थोडं प्रक्रिया शुल्क पडलंच तर ते डोळे मिटून भरा. थायलंडकडच्या नाक्यावर तोच व्हिसा काढायला गेलं की डॉलरऐवजी थाई बाथमध्ये आकडा सांगायचे, त्यात शे-दोनशे बाथ वरचे मिसळलेले असायचे. फोटो नसला की त्याचे एक-दोन डॉलर वेगळे. म्हणून ई-व्हिसा असला तरी पासपोर्ट फोटोंच्या चार प्रती पाकिटात असू द्या. म्हापशात चाळीस-पन्नास रुपयांत होणारं काम आहे.

थायलंडमध्ये १ मे २०२५पासून आगमनाचं कार्ड डिजिटल झालं. मलेशियाचंही तसंच आहे. दोन्ही कार्डं फुकट आहेत. थायलंडचं पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत भरायचं. गुगलवर शोधलंत की आधी पैसे मागणाऱ्या खासगी साइट्स वर येतात आणि त्या दिसतात अगदी सरकारी. पत्त्याचं शेपूट बघा: थायलंडचं 'गो डॉट टीएच', कंबोडियाचं 'गव्ह डॉट केएच', व्हिएतनामचं 'गव्ह डॉट व्हीएन'. आमच्या टोळीतल्या एका शिक्षकांनी या फुकटच्या कार्डासाठी घरबसल्या काही हजार घालवले आणि सीमेवर मात्र एक डॉलरसाठी पाऊण तास भांडले.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी, पानं किमान दोन कोरी. परतीचं किंवा पुढचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, विमा हे सगळं कागदावर छापून घ्या. मोबाइलमध्ये आहे म्हणून चालत नाही. नाक्यावर रेंज नसते आणि चार्ज नेमका तिथेच संपतो.

डॉलर घेताना मनी चेंजरला स्पष्ट सांगा: एक, पाच, दहाच्या नोटा हव्यात आणि त्या कोऱ्या. तो शंभराच्या नोटा पुढे करील, कारण त्याला त्या सोप्या. कंबोडियाकडे किंचित फाटलेली, शाईचा ठिपका पडलेली नोटही परत करतात. ३० डॉलरच्या फीला शंभराची नोट दिलीत तर सुटे परत येताना काय होतं ते वेगळं सांगायला नको. आकडा हातात तेवढाच्या तेवढा असला की बोलणं तिथेच संपतं.

कोण मागतोय, ते आधी ओळखा

नवख्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक मागणीला लाच समजणं. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक लाचेला फी समजणं. दोन्ही महाग पडतात.

काही पैसे खरोखरच कायदेशीर असतात आणि ते ऐकून माणूस दचकतो. बांगलादेशातून जमिनीने बाहेर पडताना ट्रॅव्हल टॅक्स असतो. बेनापोलला तो सोनाली बँकेच्या खिडकीवर भरतात आणि पावती मिळते. ती पावती पुढे दाखवावी लागते. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड, जास्तीत जास्त २०,०००. हा उघड दंड आहे, त्याचीही पावती असते. यावर हुज्जत घालून उपयोग नाही.

मग एक मधला प्रकार. लाओसच्या काही नाक्यांवर शनिवार-रविवारी किंवा कचेरीच्या वेळेबाहेर ओव्हरटाइम म्हणून किरकोळ पैसे घेतात. कुठे भिंतीवर पाटी असते, कुठे चिटोरा मिळतो, कुठे दोन्ही नाही. पाटी आणि चिटोरा असेल तर द्या आणि पुढे व्हा. मी स्वतः अशा ठिकाणी सोमवार ते शुक्रवार सकाळीच पोचायचं बघतो, म्हणजे प्रश्नच येत नाही.

तिसरा प्रकार शुद्ध चहापाणी. कंबोडिया आणि लाओसच्या मधल्या त्रापियांग क्रिएल–नाँग नॉक खिएन नाक्यावरची 'शिक्क्याची फी' प्रवाशांत वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे: एका बाजूला शिक्का मारायचे एक-दोन डॉलर, दुसऱ्या बाजूला तेवढेच, मध्ये कुणीतरी कपाळाला थर्मामीटर लावून आरोग्य तपासणीचा आणखी एक. व्हिसाची फी वेगळी भरलेली असतेच. शिक्का मारणं हेच ज्याचं काम, त्याने शिक्क्याचे पैसे मागायचे. म्हणजे पोदेराने पावाचे घेऊन वर सायकलची घंटी वाजवल्याचे मागावेत तसं.

आणि चौथा, जो मला सगळ्यांत जास्त भेटला: तुमचाच बसवाला. अधिकाऱ्याने तोंड उघडायच्या आधीच कंडक्टर उठतो, सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो आणि व्हिसा अधिक 'सर्व्हिस' असा एकच आकडा सांगतो. कंबोडिया–व्हिएतनामच्या बावेत–मोक बाय मार्गावर ही रीतच आहे. त्यातले किती आत जातात आणि किती त्याच्या खिशात राहतात ते त्यालाच ठाऊक. पासपोर्ट त्याच्या हातात जाण्याआधी ई-व्हिसाचा कागद दाखवा आणि हसून सांगा, "मी स्वतः रांगेत उभा राहतो." तो तोंड वाकडं करील, बस निघून जाईल अशी धमकी देईल. माझ्या अनुभवात बस थांबते, कारण तुमच्याबरोबर गाडीतले आणखी पंधरा जण रांगेत असतात. तरी उतरताना सॅक पाठीवर घ्याच. बस निघून जाईल ही पोटातली भीती गेली की बोलायला बळ येतं.

कंबोडियाच्या सीमेवरच्या पोइपेटची एक जुनी युक्तीही माहीत असू द्या. थायलंडच्या बाजूला, आरण्यप्रथेतहून येताना टुकटुकवाला तुम्हाला सीमेवर न नेता आधी एका कचेरीसमोर उतरवतो. झेंडा, खुर्च्या, फॉर्म, सगळं असतं. "इथेच व्हिसा काढा." खरा व्हिसा सीमेवर मिळतो, तोही स्वस्तात; ही कचेरी दलालाची. अर्थात २०२५मध्ये थायलंड-कंबोडियात लढाई पेटली आणि हे नाके बंद झाले, तेव्हा त्या बाजूचा बेत आखण्याआधी ताजी स्थिती पाहा.

खिडकीवर

सकाळी पोचा. नाका उघडल्यावरचा पहिला तास सगळ्यांत चांगला. अधिकारी ताजा असतो, गर्दी नसते, आणि पुढचा सबंध दिवस तुमचा असतो.

पासपोर्टात नोट ठेवू नका. हे मी दोनदा सांगतो, कारण इंटरनेटवर कुणीतरी हाच सल्ला देतो. पासपोर्टात सापडलेली नोट म्हणजे तुम्ही देऊ केलेली लाच, आणि समोरचा प्रामाणिक निघाला तर अडकाल तुम्ही. पासपोर्टचं कव्हरही काढून ठेवा. त्या कव्हरांच्या कप्प्यांत आपण काय-काय खुपसून ठेवलेलं असतं! दोन खिसे करा. एकात फीचे मोजलेले पैसे, दुसरा खोल, बाकीच्या सगळ्यासाठी. पाकीट खिडकीवर उघडायचं नाही.

आणि स्वतःहून कधीच विचारू नका, "काही द्यावं लागेल का?" आपल्याकडे नाक्यानाक्यावर वाढलेल्या माणसाची ही सवय असते. गाडी थांबवली की हात आपोआप खिशाकडे जातो. तो हात आवरा. निम्म्या वेळा समोरच्याच्या मनातही काही नसतं.

त्याने मागितलेच तर? पहिल्यांदा ऐकू आलं नाही असं करा. खरंच. पुष्कळदा तो दुसऱ्यांदा मागत नाही. मागितले तर शांतपणे विचारा, "फी कसली? पावती मिळेल ना?" हे दोन प्रश्न, एवढंच. भ्रष्टाचार हा शब्द कोणत्याही भाषेत उच्चारू नका. आवाज चढवू नका. रांगेतल्या इतरांसमोर त्याची अब्रू काढलीत तर दोन डॉलरचा प्रश्न तो मानापमानाचा करतो, आणि गणवेशाचा मान दोन डॉलरांत भागत नाही. मोबाइल काढून शूटिंग तर मुळीच नको. बहुतेक इमिग्रेशन कक्षांत फोटो काढायलाच बंदी असते. फोन जप्त करायला त्याला आयतं कारण मिळतं.

त्या पहिल्या दोन बोटांच्या प्रसंगानंतर पुन्हा त्याच नाक्यावर जाण्याचा योग आला. बरोबर साखळी गावचा मित्र होता. टेबल तेच, शेड तीच. मी पावती मागितली. साहेबांनी आमचे पासपोर्ट बाजूला सरकवले आणि पेनाने बाकाकडे बोट केलं. आम्ही बसलो. मित्राने पिशवीतून चुरमुऱ्याचा चिवडा काढला. समोर टेबलाचा ड्रॉवर अर्धा उघडा होता. दर दोन-तीन मिनिटांनी कुणीतरी यायचं, नोट आत पडायची, शिक्का पडायचा, ड्रॉवर गुडघ्याने ढकलला जायचा. शिक्क्याचं पॅड वाळलं होतं, त्यात तो अधूनमधून प्लास्टिकच्या बाटलीतून चार थेंब टाकायचा. पन्नास मिनिटं गेली. मग जेवणाची वेळ झाली, तो उठला आणि एक बाई ड्यूटीवर आली. तिने सरकवलेले पासपोर्ट पाहिले, आमच्याकडे पाहिलं, धाडधाड शिक्के मारले आणि हातात दिले. एक शब्द नाही. बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "पन्नास मिनिटांत चार डॉलर वाचवले. पणजीत पार्किंग शोधायला मला याहून जास्त लागतात."

हे नेहमी जमतं असं नाही. दुसऱ्या एका सीमेवर सासूबाई बरोबर होत्या, अंधार पडत होता, पलीकडची शेवटची गाडी इंजिन सुरू करून उभी होती. मी पाच डॉलर दिले. पावती मागितली नाही, मान वर केली नाही. सासूबाईंनी विचारलं, "कसले रे पैसे?" मी म्हटलं, "फी." वाटेत त्या काही बोलल्या नाहीत. त्या अबोल्याचा अर्थ मला नीट कळला. चूक पाच डॉलरची नव्हती, दुपारी तीनला हॉटेलातून निघालो तिथे झाली होती.

तेव्हा नियम म्हणून एवढं धरा: पासपोर्ट अडकवून ठेवलाय, रात्र आहे, एकटे आहात, बाई एकटी आहे, धमकीचा सूर आहे, तर वाद घालत बसू नका. आधी तिथून सुटा. नोंद नंतर करता येते.

शिक्का मिळाल्यावर खिडकी सोडण्याआधी तो वाचा. प्रवेशाची तारीख बरोबर आहे का, किती दिवसांची परवानगी लिहिली आहे. घाईत शिक्काच राहून गेला किंवा चुकीच्या तारखेचा पडला तर त्या देशातून बाहेर पडताना खरी किंमत मोजावी लागते, आणि तिथे दोन बोटांवर भागत नाही. दोन देशांच्या मधल्या पट्ट्यात चालत जाताना पहिल्या देशाचा निर्गमन शिक्का घेतलाय ना, हेही पाहा. गप्पांच्या नादात लोक सरळ पुढे चालू लागतात.

नेपाळचं गणित वेगळं

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, शिक्काही लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. ते हातात असताना आधारवर विसंबून जाऊ नका. वास्कोहून पाटण्याला आठवड्यातून एकदा गाडी जाते. पाटण्याहून रक्सौल आणि पुढे वीरगंज. गोरखपूरकडून गेलात तर सुनौली. सीमेवर आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात, बॅग बघतात, सोडतात. माणूस म्हणून गेलात तर कुणाला काही देण्याचा प्रश्नच नाही.

प्रश्न येतो तो गाडीचा. जीए पाटीची मोटारसायकल किंवा गाडी आत न्यायची तर भन्सार, म्हणजे कस्टमच्या कचेरीत दिवसांच्या हिशेबाने पैसे भरून कागद करायचा. भन्सारच्या वाटेवर दहा जण गळ्यात पडतात: "दाजू, सगळं करून देतो, गाडीतून उतरूच नका." हे अधिकारी नव्हेत, दलाल आहेत. काम खिडकीवर अर्ध्या-पाऊण तासात स्वतः होतं. आरसी, लायसन्स, विमा यांच्या झेरॉक्स गोव्यातूनच दोन-दोन न्या, कारण तिथलं झेरॉक्सचं दुकान हेही दलालाच्या भावाचंच असतं.

आकडा ऐकलात की लगेच विचारा: आयसी की एनसी? म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. शंभर भारतीय रुपये म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा दर पक्का बांधलेला आहे. नेपाळी पाचशे सांगायचे आणि भारतीय पाचशे घ्यायचे, एवढ्या साध्या युक्तीत दलालाची रोजी निघते.

भन्सार किती दिवसांचं करताय ते हात राखून ठरवू नका; एक-दोन दिवस जास्तीचे भरा. पेडण्याच्या एका पोराने चार दिवसांचं केलं, मुक्तिनाथच्या वाटेवर दरड कोसळली आणि पाचव्या दिवशी तो सीमेवर पोचला. गेटवरच्या माणसाने हळूच सांगितलं, "साहेबांना काहीतरी द्या, मिटवून टाकू." त्याने घरी फोन केला, घरच्यांनी मला. मी म्हटलं, गेटवर मिटवू नको, कचेरीत जा आणि जो दंड असेल तो भरून पावती घे. दंड गेटवरच्या आकड्यापेक्षा जास्त पडला. तरी तेच बरोबर होतं, कारण गेटवर मिटवलेलं प्रकरण कागदावर उघडंच राहतं आणि पुढच्या खेपेला तीच गाडी पुन्हा अडते. मुदत वाढवायची तर ती संपायच्या आत वाढवून घ्यावी.

भूतानबद्दल थोडक्यात. जयगावहून फुन्शोलिंगमार्गे भूतानमध्ये जाताना परवाना लागतो आणि भारतीयांना रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. आकडा ऐकून लोकांना हीच लाच वाटते, पण ते सरकारी शुल्क आहे. तिथे चहापाण्याची भाषा काढू नका, शोभणार नाही. आंतरराष्ट्रीय भ्रष्टाचार निर्देशांकात हा देश स्वच्छतेत आपल्या खूप वर आहे.

एका घरात दोन पासपोर्ट

ही भानगड खास आपली. गोव्यात एक भाऊ भारतीय पासपोर्टवर आणि दुसरा पोर्तुगीजवर, ही घरं थोडी नाहीत. दोघं मिळून नेपाळला निघाले की पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला व्हिसा लागतो, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी: १५ दिवसांचे ३० डॉलर, ३० दिवसांचे ५०, ९० दिवसांचे १२५. त्याला आपल्या बाजूचा इमिग्रेशनचा शिक्काही घ्यावा लागतो, परत येताना ओसीआय कार्ड जवळ हवं. भारतीय भाऊ मात्र सरळ चालत जातो. गंमत म्हणजे सुनौलीसारख्या ठिकाणी आपल्या इमिग्रेशनची कचेरी बाजारातल्या गर्दीत सहज नजरेआड होते. भावाच्या मागोमाग चालत सुटलेला दुसरा भाऊ शिक्क्याविना पलीकडे पोचतो आणि मग दोन्हीकडून अडकतो. त्याला घासाघीस करणारे लगेच भेटतात. चालत मागे जा, शिक्का घ्या, पुन्हा या. चार जणांच्या टोळीत असा एक जण असेल तर त्याचं काम आधी, बाकीच्यांचा चहा नंतर.

दिलेच तर, आणि नंतर

आपला कायदा याबाबत लोकांना वाटतो त्याहून कडक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८चा. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कुणी भाग पाडून घेतली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे कळवलं पाहिजे, मग देणाऱ्याला संरक्षण मिळतं. हे भारतीय बाजूच्या सरकारी माणसांबाबत. पलीकडे त्या-त्या देशाचा कायदा, आणि तिथे तुम्ही परके.

म्हणून वहीत लिहून ठेवा. नाका, तारीख, वेळ, खिडकीचा क्रमांक, छातीवर बिल्ला असेल तर त्याचा नंबर, किती मागितले, काय म्हणून. बाहेर पडल्यावर लगेच, चहाच्या टपरीवर बसून लिहा. संध्याकाळपर्यंत पाचाचे पंधरा होतात. पासपोर्ट अडकवला असेल किंवा प्रकरण खरंच गंभीर असेल तर त्या देशातल्या भारतीय दूतावासाला कळवा. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे पोर्टल २०१५पासून याचसाठी आहे. दूतावासाचा आणीबाणीचा नंबर निघण्याआधी कागदावर लिहून पाकिटात ठेवा. दोन डॉलरसाठी तिथे कुणी धावून येणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका.

भेटवस्तूंचं एक राहिलं. आपली माणसं काजूची पाकिटं आणि फेणीच्या बाटल्या 'उपयोगी पडतील' म्हणून बॅगेत टाकतात. फेणी तर नकोच. बाटली कस्टमच्या हिशेबात येते, आणि सीमेवरच्या गणवेशाला बाटली देणं हे नोट देण्याइतकंच वाईट. काजू स्वतःला खायला न्या.

कारण परतीच्या वाटेवर आपल्याच बाजूला कुणीतरी पासपोर्ट उघडतो, जन्मस्थान वाचतो आणि विचारतो, "गोवा से? काजू नहीं लाए?" दहातल्या नऊ वेळा ती थट्टा असते, थकलेल्या माणसाची. "संपले साहेब, वाटेत खाल्ले," म्हणा, हसा, शिक्का वाचा आणि पिशवीत हात न घालता पुढे चला.